ताऱ्यांच्या थरथरीवर पोट भरतं का?

नमस्कार साहेब,

पत्र वाचलं. मुलगी टीवायला, फिजिक्स घेऊन, म्हणते ताऱ्यांच्या कंपनांवरून त्यांचं वस्तुमान-वय काढतात त्यात पीएचडी करणार, आणि तुम्ही विचारताय हे खरंच असतं का, आणि असलं तरी बीएड बरं नाही का.

असतं हो. सूर्याचा पृष्ठभागसुद्धा साधारण पाच-पाच मिनिटांनी वरखाली होतो. लांबच्या ताऱ्यांचं हे हलणं उजेडातल्या दहा लाखात काही भाग एवढ्याशा चढउतारावरून पकडायचं, नासाच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीने २००९ पासून चार वर्षं आकाशाचा एकच तुकडा बघत तेच केलं. त्या डेटाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेचं कंपन किती जोरदार याचा आलेख, काढला की कंगव्याच्या दातांसारखे सुळके दिसतात. त्यांच्यातल्या अंतरावरून सरासरी घनता कळते, सूर्याच्या सुळक्यांमधलं अंतर १३५ मायक्रोहर्ट्झ (वारंवारतेचं एकक), एखाद्याचं निम्मं आलं तर घनता पाव. सगळ्यात जोरदार सुळके कुठे आहेत त्यावरून पृष्ठभागावरचं गुरुत्व, त्यात तापमान घातलं की वस्तुमान आणि आकार दोन्ही निघतात. वय जरा किचकट, गाभ्यात हायड्रोजन संपून हेलियम साठत जातो तशी काही सुळक्यांमधली बारीक अंतरं कमी होतात, मग कॉम्प्युटरवरच्या मॉडेलशी ताडून बघायचं. १६ सिग्नी ही जुळ्या सूर्यांसारखी जोडी आहे, दोघांचं वय वेगवेगळं काढलं तरी ७०० कोटी वर्षांच्या आसपासच आलं! मला तरी हे भारी वाटतं.

आता पोटाचं. या विषयातली मोठी नावं म्हणजे डेन्मार्कचं ऑऱ्हूस आणि इंग्लंडचं बर्मिंगहॅम विद्यापीठ. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत सूर्याच्या कंपनांवर जुनं काम आहे, उदयपूरची वेधशाळाही त्यातलीच. पण कायमच्या जागा मोजक्या, एमएस्सी धरून सात-आठ वर्षं जातात, हे तिला स्पष्ट सांगा. कामाचं स्वरूप मात्र रात्रभर दुर्बिणीला डोळा लावणं नाही, दिवसभर पायथनमध्ये प्रोग्रामिंग आणि स्टॅटिस्टिक्स. त्यामुळे मध्येच सोडलं तरी डेटा सायन्सवाले घेतात.

म्हणून आधी चव घेऊ द्या. केप्लरचा डेटा फुकट आहे, 'लाइटकर्व्ह' नावाचं पायथन पॅकेजही फुकट, सुट्टीत एका ताऱ्याचं वस्तुमान तिनेच काढावं. स्पेक्ट्रममधला कचरा साफ करताना कंटाळली तर प्रश्नच मिटला, रात्री दोनपर्यंत बसली तर अडवू नका. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या उन्हाळी प्रोग्रामलाही अर्ज करू दे.

बीएडचा फॉर्म भरायचा तर भरून ठेवा, पण जॅमचा, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतो, तो चुकवू नका.