वाचकांचे प्रश्न : छोट्या टाकीसाठी पंप किती ताकदीचा?

प्रश्न : आमच्या काचेच्या टाकीची लांबी ४५, रुंदी ३० व उंची ३० सेंटिमीटर असून तीत एक फायटर मासा आणि सहा निऑन टेट्रा मासे आहेत. ताशी ६०० लिटरचा पंप बसवल्यापासून फायटर कोपऱ्यात दडून बसतो. पंप बदलावा का?

उत्तर : होय, बदलावा. टाकी २७ सेंटिमीटरपर्यंत भरली, तर हिशेबाने ३६ लिटर पाणी होते. खडी व सजावटीची जागा वजा करता ते जेमतेम ३२ लिटर उरते. म्हणजे आपला पंप सारे पाणी तासाला सुमारे एकोणीस वेळा फिरवतो, पण अशा टाकीला चार-पाच वेळा पुरेसे असते. फायटर पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो आणि त्याचे लांब पर प्रवाहात ओढले जातात, त्यामुळे तो थकतो. दुकानात हे क्वचितच सांगितले जाते.

वेष्टनावरील आकडा मात्र पंपाला पाणी वर चढवावे लागत नसतानाचा असतो. उंची, नळीची वळणे आणि पाणी गाळणारा पंपातील मळलेला स्पंज यांमुळे प्रत्यक्ष प्रवाह बराच घटतो, म्हणून ताशी १५० ते २०० लिटरचा, शक्यतो प्रवाह कमी-जास्त करता येणारा पंप घ्यावा. तोपर्यंत पाण्याची धार काचेकडे वळवावी. पंप रात्री बंद करू नये, कारण स्पंजातील उपयुक्त जिवाणूंना प्राणवायुयुक्त पाणी सतत लागते.