मेंटॉर नसेल तर करिअर अडतं का?

तुमचा प्रश्न असा, की नोकरीला दोन वर्षं झाली, कंपनीने नेमून दिलेला मेंटॉर तीन महिन्यांतून एकदा भेटून ‘कसं चाललंय’ विचारतो, त्याचा काही उपयोग आहे का. त्याचा फारसा नाही.

मी बडोद्यात सीए आहे, एकवीस वर्षं. आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीत असताना मला शिकवलं ते ज्यांच्या हाताखाली होते त्या सीए सरांनी नाही, ऑफिसातल्या जुन्या अकाउंटंट काकांनी. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑडिटला गेलो आणि मी बिलांची फाईल उघडून बसले. काका म्हणाले, ‘बिल कुणीही छापतं. आधी गेटवरचं रजिस्टर आण.’ ट्रक आत कधी आला, वजनकाट्याची पावती कुठाय, आणि मग बिल. त्या दिवशी दोन बिलांचा माल गेटमधून आलाच नव्हता असं निघालं.

पण काकांच्या शब्दावर मला कुणी काम दिलं नसतं. ते सरांमुळे झालं. सर शिकवायचे कमी, ओरडायचे जास्त. एकदा बँकेच्या मिटिंगमध्ये माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘हे काम ही करेल.’ पुढची पाच-सहा वर्षं त्या एका वाक्यावर निघाली.

दोन्ही करणारी माणसं विरळा. केळुसकर गुरुजींनी १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं, आणि पुढे शिक्षणाचे पैसे संपले तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्दही टाकला. महिना २५ रुपये मिळाले, १९१३ मध्ये महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया. पण १९१७ मध्ये बाबासाहेब इथे बडोद्यात नोकरीवर आले, तर खुद्द महाराज पाठीशी असून गावात राहायला जागा मिळेना आणि कचेरीत शिवाशिव पाळली जाई. आपल्या अडचणी त्यापुढे काहीच नाहीत, तरी हे लक्षात ठेवा: वरच्या माणसाचा हात शेजारच्या टेबलापर्यंत पोचतोच असं नाही.

आणि वयाने मोठाच हवा असंही नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पोर्टल मला शिकवलं ते माझ्याच हाताखालच्या आर्टिकल मुलीने, तेही माझ्यावर वैतागत.

तुमच्या ऑफिसात असे काका असतीलच. अडलेला कागद घेऊन त्यांच्याकडे जा. ‘माझे मेंटॉर व्हाल का’ असं मात्र विचारू नका. आमचे काका तर चहाचं निमित्त करून पळाले असते.