आधी बेस ऐक, मग मत लिही

पोरी,

तू पाठवलेले लेख सगळे वाचले, रात्री बसून वाचले कारण आपला साउंडचा धंदा, सध्या लग्नाचा सीझन आहे अन दिवसा फोन काही थांबत नाही. एवढ्याशा गावात बसून कोणी पोरगी नवीन डान्स अन अँबियंट, म्हणजे नुसतं वातावरण करणाऱ्या संथ संगीताच्या, अल्बमवर मराठीत लिहून राहिली ही गोठच मला लय भारी वाटली. पण तू मत मागितलं होतं, शाबासकी नाही, तर सरळच सांगतो.

तुझ्या लेखांत ऐकलेलं कमी आहे अन वाचलेलं जास्त. जेमी एक्सएक्स या इंग्रज डीजेच्या ‘इन वेव्हज्’वर तू लिहिलं की हा अल्बम म्हणजे एक भावनिक प्रवास आहे. कुठून कुठं गं? यवतमाळ ते दारव्हा? हे वाक्य उचलून तुझ्या दुसऱ्या कोणत्याही लेखात टाकलं तरी चालते, मग ते कशाला लिहायचं. पण त्याच लेखात खाली कुठंतरी तू लिहून गेली की 2015 च्या ‘इन कलर’नंतर नऊ वर्षांनी अल्बम आणला अन तरी हा माणूस घाईत आहे, गाणं आत्ता रंगात येते अन हा दुसरीकडं पळते. हे तुझं आहे. मला पटलं नाही ते वेगळं, माझ्या मते तो मुद्दाम डीजे सेटसारखं करून राहिला, एक पकडायचं एक सोडायचं, पण तुझ्या या वाक्याशी मला भांडता तरी येते ना. प्रवासवाल्या वाक्याशी काय भांडू मी?

आता मुख्य गोठ. तू हे सगळं कशावर ऐकलं? लेखात कुठंच नाही. फ्लोटिंग पॉइंट्सच्या ‘कॅस्केड’ला तू ‘पातळ’ म्हटलं, बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, नाही म्हटलं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की बाई फोनच्या स्पीकरवर ऐकून राहिली. फोनच्या त्या चिमुकल्या स्पीकरला 200 हर्ट्झच्या खाली फारसं काही जमत नाही, अन या लोकांच्या किकचा, म्हणजे खालच्या ढोलाच्या ठोक्याचा, जो धक्का असतो तो 50-60 हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे तू ऐकलं ते गाण्याचं वरचं वरचं, किकची नुसती टकटक. वरच्या सुरांवरून मेंदू खालचा सूर अंदाजानं भरून घेते म्हणून आपल्याला वाटते की बेस ऐकू आला, पण छातीत लागते ते अंदाजानं लागत नाही. सॅम शेपर्ड, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट्स, हा मँचेस्टरचा माणूस न्यूरोसायन्समधला डॉक्टरेट आहे, अन ‘कॅस्केड’ त्यानं क्लबच्या सिस्टिमसाठीच केलेला आहे, पहिला अर्धा भाग तर सरळसरळ. फोनवरच ऐकायला लागलं तर ऐक, पैसे नाही तर नाही, पण मग लेखात लिही की फोनवर ऐकलं, बेसबद्दल बोलत नाही. वाचणाऱ्याला राग येत नाही त्याचा.

अन आवाज मोठा म्हणजे बेस नव्हे, हे आपल्याकडच्या पोट्ट्यांना कधी कळल बाप्पा. वरातीत टॉप, म्हणजे वरच्या सुरांचे स्पीकर, फाडून टाकतात, कान बहिरे, अन खाली अठरा इंची चार बॉक्स ठेवलेत त्याचं क्रॉसओव्हर, म्हणजे बेस अन टॉपची वाटणी, कुठं लावलं ते कोणाला माहीत नाही. चांगली सिस्टिम असली तर मध्ये उभं राहून शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे अन तरी शर्ट हलला पाहिजे.

तुझ्या एका लेखात मला एक गोष्ट खटकली, तू दोन ठिकाणी लिहिलं की ‘आम्ही धुमालवर वाढलो म्हणून आम्हाला हे संगीत समजायला वेळ लागते’. काहून असं लिहिलं? उलट आहे ते. धुमाल काय आहे, गाडीवर कॅसिओ, ऑक्टापॅड, ढोल-ताशे, अन एकच ठेका अर्धा अर्धा तास, मधूनच पॅडवाला एक तुकडा बदलते अन पूर्ण गर्दी त्या बदलावर उसळते. संदलच्या मिरवणुकीत, वरातीत तू हे लहानपणापासून पाहून राहिली. हाऊस अन टेक्नो या क्लबमधल्या नाचाच्या संगीताचं पोटच ते आहे. एकच ठेका, अन त्यात काय कधी बदलतं. हाय-हॅट, म्हणजे ती झांज, किती वेळानं आली, बेस कधी काढून घेतला, परत कधी दिला. पुण्या-मुंबईचं जे पोरगं हेडफोन लावून खोलीत एकटंच शिकलं त्याला हे पुस्तकातून वाचावं लागते, तुला पायाला माहीत आहे. तर आता लिहिताना ते वापर. गाणं लाव, हातात घड्याळ ठेव, अन नोंद कर: इतक्या मिनिटाला किक गेली, इतक्या मिनिटाला आली, मधल्या वेळात काय होतं. फोर टेट या इंग्रज संगीतकाराच्या ‘थ्री’मध्ये शेवटचा ‘थ्री ड्रम्स’ ट्रॅक आहे तो असा ऐकून पाय, पान भरून नोंदी निघतात. मग विशेषणं आपोआप कमी होतात.

अजून एक, अल्बमबाहेर सुट्या निघालेल्या ट्रॅकच्या सुरुवातीला नुसती किक अन टाळी मिनिटभर चालते त्याला तू कंटाळवाणं म्हटलं. ती सुरुवात डीजेसाठी असते, आधीच्या गाण्यावर हे गाणं चढवायला जागा पाहिजे. अल्बममध्ये तसंच ठेवलं असलं तर मात्र बिनधास्त शिव्या घाल, तिथं कोणी मिक्स करून राहिलं नाही.

ज्याच्यात ढोल नाही ते अँबियंट, असंही करू नको. बार्कर नावाच्या टेक्नोवाल्याचा ‘युटिलिटी’ नावाचा 2019 चा अल्बम आहे, त्यात किक जवळजवळ काढूनच टाकली, अन तरी ते टेक्नोच आहे, पाय हलतोच, कारण बाकीचे सूर ठेका धरून उड्या मारतात.

अँबियंटचं जरा निवांत सांगतो, कारण तिथं तू सगळ्यात जास्त फसते. तुझे अँबियंटवरचे लेख सगळे सारखे आहेत, शांत वाटलं, मन हरवून गेलं, डोळे मिटले. झोपेच्या गोळीवर पण असंच लिहिता येईल. अँबियंट हे नाव रुजवणाऱ्या ब्रायन ईनोनं 1978 ला ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ काढला तेव्हा त्याची अटच होती की हे संगीत दुर्लक्ष केलं तर दुर्लक्ष करता आलं पाहिजे अन लक्ष दिलं तर लक्ष देण्यासारखं पाहिजे. दोन्ही. तर मग ऐकायचं पण दोनदा, एकदा काम करता करता अन एकदा नुसतं बसून, अन दोन्हींचं वेगवेगळं लिहायचं. बरेच नवीन अल्बम पहिल्या परीक्षेत पास होतात अन दुसऱ्या वेळी बसून ऐकलं की आत काहीच नसते, पाण्याचा आवाज, पियानोला भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, झालं. ते सापडलं की लिही, घाबरू नको.

त्या अल्बममधला ‘2/1’ ट्रॅक तू ऐकला असशील, नुसते गायलेले सूर आहेत, एकेका सुराचा टेपचा एकेक लूप. त्यातला एक सूर साडे23 सेकंदांनी परत येते, दुसरा जवळपास 26 सेकंदांनी, तिसरा जवळपास 30. कोणाचा कोणाशी मेळ नाही, म्हणून जुळणी सारखी बदलत राहते अन ईनोला पुढं काही करावंच लागत नाही. तुला हे समजून घ्यायचं असल तर हरभऱ्याच्या ओलिताला जा अन बांधावर बसून दोन स्प्रिंकलर ऐक, एकाचा फेरा दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा, कधी दोघांचं पाणी पाठोपाठ पडते, कधी एकदम, कधी मध्ये एवढी जागा की वाटते बंद पडलं. थोडा वेळ ऐकलं की तुझं तुलाच समजते की पुढचा थेंब कुठं येईल याची वाट पाहणं हेच त्या संगीतातलं काम आहे. फक्त मोटरपंपापासून लांब बस, त्याच्या घुमघुमीत खालचे सूर सगळे बुडतात.

आता ते ‘आपलं’ अन ‘त्यांचं’. चरणजित सिंग यांच्यावर तू लिहिलं ते वाचून मी दोनदा फोन खाली ठेवला. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा हा माणूस, त्यानं 1982 मध्ये मुंबईत रोलँड कंपनीच्या 303 (बेसची), 808 (ठेक्याची) अन ज्युपिटर-8 (सिंथ, म्हणजे विजेवर सूर काढणारी) या मशीनवर डिस्को ठेक्यात दहा राग रेकॉर्ड केले, भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे. तेव्हा कोणी विचारलं नाही, 2010 ला ती रेकॉर्ड परत निघाली तेव्हा जगभर लोकं चाट पडले कारण ते शिकागोच्या चिरक्या आवाजाच्या अ‍ॅसिड हाऊससारखं वाजते, अन तिकडच्या फ्युचर या मंडळींचा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ तर 1987 चा. इथपर्यंत तुझं बरोबर. पण तिथून उडी मारून ‘अ‍ॅसिड हाऊसचा जन्म भारतात झाला’ हे कुठून आणलं? शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकलेलीच नव्हती. दोन्हीकडं 303 होती म्हणून आवाज सारखा आला, मशीन एकच. गिटारवाल्याला सोबतीला बेस वाजवून देणारी पेटी म्हणून कंपनीनं ती काढली होती, ती चालली नाही, अन ज्याला स्वस्तात मिळाली त्यानं तिचे खटके पिळून पिळून तो चिरका आवाज काढला. सिंग साहेबांनी मात्र पिळण्यापेक्षा राग नीट मांडला. दोघांत फरक काय, हे लिही ना, ते कोणी लिहून नाही राहिलं. अभिमान बाळग, पण तो लेखात कोंबू नको.

याच्या उलट अरुशी जैन या गायिका-संगीतकाराच्या ‘डिलाइट’वर तू फारच हात राखून लिहिलं. 2024 चा अल्बम आहे, मॉड्युलर सिंथ (तुकडे तारांनी जोडून वाजवायचा सिंथ), अन पाया बागेश्री रागाचा. इंग्रजीत लिहिणारे ‘भारतीय रागावर आधारित’ म्हणून पुढं जातात, त्यांना पुढचं सांगता येत नाही. तुला येते. तुमच्या भजन मंडळाची पेटी आहे ना देवळात, ती घे, कोमल गंधार अन कोमल निषाद धर, मध्यमावर येऊन थांब, अन मग अल्बम लावून पाय की कुठं बागेश्री खरंच दिसते अन कुठं नुसतं नाव उरते. मंडळातल्या म्हाताऱ्यांना पण ऐकव. ते हसतील, हसू दे, पण सूर कुठं सुटला ते तुझ्या-माझ्याआधी तेच सांगतील.

पाचपैकी किती स्टार ते देणं बंद कर, निदान एवढ्यात तरी. साडेतीन म्हणजे काय हे तुझं तुला सांगता येणार नाही. अन अल्बम शुक्रवारी आला अन शनिवारी लेख, ही घाई कशासाठी, तुला काही कोणी पगार देऊन नाही राहिलं. आठ-पंधरा दिवस जाऊ दे, जे गाणं आपोआप तोंडात येते त्याच्यापासून लिहायला लाग.

वाईट वाटलं तर वाईट लिही, पण माणसाबद्दल नको, आवाजाबद्दल. फ्रेड अगेन या इंग्रज डान्सवाल्यावर तू जे लिहिलं की श्रीमंताचं पोरगं आहे म्हणून, ते काढून टाक. त्याचे गाण्याचे तुकडे एकाच पद्धतीनं चढतात, दर वेळी पियानो, मग कोणाच्या तरी व्हॉइस नोटचा तुकडा, मग भडका, हे तू खाली लिहिलंच आहे अन तेच तेवढं पुरते.

पुढच्या रविवारी लग्नाची तारीख नाही, गाडी गोडाऊनलाच उभी आहे. भावाला घेऊन ये, दुपारी या म्हणजे परतीची एसटी सापडते. दोन बेस अन दोन टॉप लावून ठेवतो, शेजाऱ्यांना सांगून ठेवलं. ‘कॅस्केड’ पेनड्राइव्हमध्ये आण, आमच्याकडं नेटवर्कचा भरवसा नाही, अन ती 128 वाली, म्हणजे फार दाबून लहान केलेली, एमपीथ्री आणू नको, अठरा इंचीवर ती पाच मिनिटं ऐकवत नाही.

तुझा
साउंडवाला काका