तेरेखोलची खाडी ओलांडून केरीची पुळण: घड्याळाआधी तिथी बघा

तुमचा प्रश्न वाचला. डिसेंबरात सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला मुक्काम, बरोबर चौसष्ट वर्षांची आई आणि नऊ वर्षांचा मुलगा. कुणीतरी सांगितलंय की तेरेखोलहून फेरीबोटीने खाडीपलीकडे गोव्यातल्या केरीला गेलं की निवांत किनारा लागतो आणि पुढे डोंगर ओलांडून चालत जाता येतं. आईला झेपेल का आणि किती वाजता निघावं, एवढंच तुम्हाला हवंय.

झेपेल. मात्र निघायची वेळ पाण्याला विचारून ठरवा. या रस्त्याने मी गेली बरीच वर्षं जातोय, आणि नवीन माणूस फसतो तो नेमका इथेच.

अडचण अशी आहे. केरीची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, चालायला सगळ्यात सुंदर असते ती ओहोटीला. पाणी मागे सरतं, ओली वाळू घट्ट बसते, पाय रुतत नाही, गुडघे दुखणारी माणसंही आरामात चालतात. भरतीला मात्र सुरूच्या झाडांकडेच्या भुसभुशीत वाळूतून जावं लागतं, आणि त्यात आईंची दमछाक होईल. पण ओहोटी पुरती लागली की तेरेखोल खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा वर येतो, पाणी उथळ होतं आणि फेरीबोट काही वेळ बंद राहते. म्हणजे जी वेळ चालायला उत्तम, तीच खाडी ओलांडायला वाईट. म्हणून पाणी उतरत असतानाच पलीकडे जायचं, पूर्ण ओहोटीला चालायचं आणि पाणी भरू लागलं की परतायचं.

आता हिशेब. आपल्याकडे कोळी आणि खलाशी पिढ्यानपिढ्या करत आले तोच: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हेच लागू. हा आकडा मुंबई-रायगडकडे बसतो. खाली तेरेखोलकडे भरती त्याहून थोडी आधी लागते, म्हणून मी तासभर वजा धरतो. हा अंदाजच आहे, निघण्याआधी भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ताडून बघाच.

तुमच्यासाठी मी षष्ठी किंवा सप्तमी निवडली असती. षष्ठीला गणिताने भरती पहाटे साडेचारची, ओहोटी सकाळी साडेदहाची, तेरेखोलला ती साडेनऊच्या आसपास. शिवाय अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे सौम्य भरती-ओहोटी असते, पाणी फार खाली जात नाही, त्यामुळे बोट अडकून पडायची शक्यताही कमी. सकाळी सातला धक्क्यावर पोचलात तर ऊन चढायच्या आत सगळं होतं. पौर्णिमा-अमावस्येला जाऊ नका. उधाणाची ओहोटी खोल जाते, आणि सोयीची वेळ नेमकी भर दुपारी येते.

हे इतकं तपशिलात सांगतोय त्याला कारण आहे. एका पौर्णिमेनंतर वडिलांना घेऊन गेलो होतो. संध्याकाळी परत धक्क्यावर आलो तर बोट पलीकडच्या काठाला शांत उभी. पाणी भरेपर्यंत दोन तास बसलो. वडिलांची रात्रीची गोळी पलीकडे गाडीत राहिलेली. समोर दिसत असलेल्या गाडीपर्यंत पोचता येत नाही, ही घालमेल मी विसरलेलो नाही. औषधं, पाणी आणि थोडं खाणं नेहमी बरोबरच्या पिशवीत ठेवा. तशीच वेळ आली तर खाडीच्या वरच्या अंगाला आरोंदा आणि किरणपाणीमधला पूल आहे, केरीतून भाड्याची गाडी करून त्या वळशाने येता येतं.

रस्ता असा. शिरोड्याहून रेडीमार्गे तेरेखोल. खाडीच्या उत्तरेला असूनही हा कोपरा गोव्याचा आहे, कारण १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून हा किल्ला घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला होता, मुलाला हे जरूर सांगा. गाडी अलीकडेच ठेवा आणि पायी बोटीत चढा. पायी माणसाला तिकीट लागत नाही. काही मिनिटांतच केरीचा धक्का येतो. उतरून उजवीकडे समुद्राच्या दिशेने चालू लागा.

सुरुवातीचा भाग बघून मन थोडं खट्टू होईल. इथे समुद्राने किनारा खाल्लाय. सुरूची मुळं उघडी पडलीत, काही झाडं आडवी झालीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे बन दाट होतं, आता त्यातून आरपार आभाळ दिसतं. तिथे थांबू नका, दक्षिणेकडे चालत राहा. शनिवार-रविवार सोडून गेलात तर दहा-पंधरा मिनिटांत माणसं विरळ होतात आणि मग उरतो तो लाटांचा आवाज आणि मागे वळून पाहिलं की खाडीपल्याड टेकडीवरचा किल्ला. तुम्ही शोधताय तो निवांत किनारा हाच, पुढच्या डोंगरापलीकडचा नव्हे.

ओल्या वाळूवर मुलाला खाली बसवा. बारीक मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, एका भोकापासून चहूकडे फुटलेली. नखाएवढी कुर्ली, म्हणजे छोटी खेकडी, वाळू तोंडाशी धरते, त्यातलं खाणं काढून घेते आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकते. पाऊल वाजलं की सगळ्या आत जातात. दोन मिनिटं अजिबात न हलता बसलं की आधी एक बाहेर येते, मग दुसरी, मग सगळी पुळण कामाला लागते. माझी पुतणी त्यासाठी अर्धा तास उकिडवी बसली होती. भरती आली की ती नक्षी पुसली जाते.

पुळणीच्या दक्षिण टोकाला काळे खडक लागतात. रमतगमत पाऊण तास धरा. आईंना मी इथपर्यंतच आणेन. पुढे कालाच किनाऱ्याकडे जाणारी पायवाट जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या दगडी पठारावर चढते. चढ फार नाही, पण सुटे खडे पायाखाली घरंगळतात, आणि उतरताना गुडघ्यांवर जास्त येतं. सावली नाही. तुम्ही आणि मुलगा बूट घालून जाऊन येऊ शकता. वरून दोन्ही किनारे एकदम दिसतात, ते दृश्य मला फार प्रिय आहे. पलीकडे कालाचला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचं तळं आहे. पण हरमलकडून (अरंबोल) तिथे पर्यटकांची रीघ असते, त्यामुळे एकांताची अपेक्षा ठेवू नका. आईंना एकट्या फार वेळ बसवून ठेवायचं नसेल तर सड्यावरूनच मागे फिरा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. खाडीच्या मुखाजवळ पाण्यात उतरू नका, मुलाला तर अजिबात नाही. ओहोटीला वरून पाणी शांत दिसतं, पण खाडीचं सगळं पाणी त्याच चिंचोळ्या वाटेने समुद्राकडे ओढत असतं, आणि वाळूचा दांडा कुठे तुटतो ते कळत नाही. पाय भिजवायचे तर पुळणीच्या मधल्या भागात, घोट्याएवढ्या पाण्यात. दक्षिणेच्या खडकांवर शेवाळ असतं, तिथेही मुलाचा हात सोडू नका.

तुमची नेमकी तारीख इथे लिहा. तिथी काढून बोटीची, चालायची आणि परतायची वेळ मी मांडून देतो.