नुसतं ‘आवर’ म्हणून आवरत नाही

प्रश्न: ताई, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, चौथीत शिकतो, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. वाचतो छान, एसटीच्या गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ, पण सकाळी ‘आवर’ म्हटलं की टॉवेल धरून बाथरूमच्या दारात उभाच. मोजे तर रोज मीच घालते. मी ओरडते, तो कान झाकतो. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलाय, शाळेत बाई म्हणतात वहीच काढत नाही. काय करू?

उत्तर: लाडावलेला नाही हो तो, आळशी तर अजिबातच नाही. ‘आवर’ हा आपल्याला एक शब्द वाटतो पण त्यात दहा-बारा कामं असतात, कुठलं आधी, कुठलं नंतर, आत्ता कुठवर आलोय हे सगळं डोक्यात धरून ठेवायचं आणि वर सुरुवातही आपणच करायची, यालाच एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात आणि ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना नेमकं हेच जड जातं, कितीही हुशार असली तरी.

मग तो क्रम भिंतीवर लावा. मोबाईलवर फोटो काढा, त्याच्याच ब्रशचा, त्याच्याच बादलीचा, प्रिंट काढून वेल्क्रोने चिकटवा, एक काम झालं की तो फोटो त्याने काढून डब्यात टाकायचा. अडला की बोलू नका, नुसतं फोटोकडे बोट दाखवा. बोट हळूहळू मागे घेता येतं, पण तोंडी सांगण्याची सवय लागली की तुम्ही बोलल्याशिवाय तो हलायचा नाही.

मोजे घालणं शेवटच्या पायरीपासून उलट क्रमाने शिकवा. टाचेच्या वरपर्यंत तुम्ही चढवा, शेवटचं ओढणं त्याचं. ते जमलं की टाचही त्याची. काम दर वेळी त्याच्याच हातून पुरं होतं ना, म्हणून मला ही पद्धत फार आवडते.

रिक्षावाले काका आले नाहीत असं ऐनवेळी झालं की गडबड होणारच, त्यासाठी ‘बदल’ असं एक वेगळं कार्ड करा, बदल असला की ते त्याला दाखवायचं, आणि आधी आनंदाच्या बदलांना वापरा, म्हणजे आज आमराईऐवजी घाटावर जायचंय वगैरे.

बाईंना एकच विनंती करा, ‘वही काढ, तारीख घाल, फळ्यावरचं लिही’ एका दमात नको, एकेक सांगा, नाहीतर बाकावर या कामांच्या चित्रांची छोटी पट्टी चिकटवा. मुलाच्या गरजेप्रमाणे अशी सोय करणं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे, त्यामुळे मागायला संकोच नको.

आणि सुरुवात रविवारी करा, शाळेची घाई नसते, पहिल्यांदा तीनच फोटो लावा.