‘बदला’, ‘सूड’ की ‘प्रत्युत्तर’?

ठाण्याच्या एका वाचकांनी विचारलंय: सीमेपलीकडून रॉकेटं आली आणि लष्कराने उलट बाँबफेक केली, की एका वर्तमानपत्रात ‘बदला घेतला’ असतं, दुसऱ्यात ‘चोख प्रत्युत्तर’. बरोबर काय? आणि ‘प्रतिउत्तर’ चालेल का?

दुसरं आधी उरकतो. प्रति + उत्तर, संधी होऊन ‘प्रत्युत्तर’. ‘प्रतिउत्तर’ नको.

पहिल्याचं उत्तर एवढ्यात होत नाही. ‘बदला’ मूळचा अरबी, अर्थ देवाणघेवाणीचा. ‘च्या बदल्यात’, ‘अदलाबदल’ यांत तो अजून शाबूत आहे. सुडाच्या अर्थाने तो आपल्या तोंडी बसवला हिंदी सिनेमाने, असा माझा कयास. ‘वचपा’ क्रीडापानावर शोभतो, तिथेच राहू द्यावा.

‘सूड’ मात्र अस्सल, आणि त्याचं क्रियापद बघा: सूड ‘उगवतात’. जुन्या मराठीत उगवणी म्हणजे वसुली. म्हणजे सूड हे थकलेलं येणं झालं. त्याला मुदत नाही, आणि कर्ज बापाने काढलं असलं तरी वसुली मुलाच्या दारात होते. ‘उट्टं काढणं’ याच घरातलं. प्रत्युत्तराला ही मोकळीक नाही. जो बोलला त्यालाच ते द्यायचं असतं, आणि तो बोलला त्याच विषयावर. शेजाऱ्याच्या पोराला दिलं तर त्याला कोणी प्रत्युत्तर म्हणत नाही.

ठाण्यात हा विषय अगदी परका नाही. टेंभी नाक्याला १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे आणि तिथल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली ज्यू कुटुंबांचे नातेवाईक इस्रायलमध्ये अश्दोद, लोद, दिमोनाला आहेत. आमच्या ओळखीच्या एका मावशींची बहीण अश्दोदला असते. गाझातून रॉकेट सुटलं की लपायला अश्दोदकरांच्या हाताशी जेमतेम पाऊण मिनिट, गाझाला लागून असलेल्या स्देरोतच्या लोकांना पंधराच सेकंद. फोनवर बहीण म्हणायची, ‘‘अगं, जिना उतरेपर्यंतच वेळ संपतो. यांचा काहीतरी बंदोबस्त करा म्हणावं!’’ मला तो शब्द फार नेमका वाटला. मार खाणाऱ्या माणसाला आधी बंदोबस्त हवा असतो. सुडाची भाषा बहुतेक वेळा लांब बसलेले लोक करतात, त्यात आपले टीव्हीवाले पहिले.

म्हणून एक साधा नागरिक म्हणून माझं मत असं: रॉकेट जिथून सुटलं तो तळ, ती टोळी, तो दारूगोळा उडवला तर ते प्रत्युत्तर, आणि ते देणं सरकारचं कामच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ५१वं कलम स्वसंरक्षणाचा हक्क देतं. पण कारवाई गरजेपुरती आणि बेताची असावी, हे बंधनही आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने हजारो रॉकेटं डागली आणि गावांत शिरून माणसं मारली, त्यावर लष्करी उत्तर येणारच होतं. पण पुढे गाझात वस्त्याच्या वस्त्या भुईसपाट झाल्या, हजारो मुलं गेली, त्याला प्रत्युत्तर म्हणायला माझी जीभ वळत नाही. तिथे वसुली चालू झाली होती. उलट बाजूनेही तेच: ‘प्रतिकार’ म्हणत गावावर नेम न धरता रॉकेट सोडणं हा प्रतिकार नव्हे.

सरकारं शब्दांना किती जपतात बघा. मे २०२५मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर भारत सरकारच्या निवेदनात कारवाई नेमकी, मोजूनमापून आणि संघर्ष न वाढवणारी असल्याचं म्हटलं होतं. आपल्या वाहिन्यांवर त्याच सकाळी ‘बदला’ झळकत होता.

तर बातमी लिहिताना कोणी मारलं आणि कोणाला लागलं, हे कळेपर्यंत नुसतं ‘प्रतिहल्ला’ लिहावं. त्यात निवाडा नाही. ‘चोख’ तर फारच जपून. चोख सोनं, चोख हिशेब: ना कमी ना जास्त, असा तो शब्द आहे, आणि मथळ्यात तो ‘जोरदार’ या अर्थाने वापरला जातो.