मी प्रभुभोजनाला पात्र आहे का?

"ताई, महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो."

एवढं बोलून सिस्टर गप्प झाल्या. त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घेण्याचा विधी. त्या स्टाफ नर्स आहेत, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. असाच गोळा पोटात घेऊन बसणारी माणसं चर्चच्या बहुतेक प्रत्येक मंडळीत असतात, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला होता. दोन वर्षं सिस्टरांनी रात्री दवाखान्यात ड्यूटी केली आणि दिवसा घरी आईचं सगळं केलं, अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं. मागच्या पावसाळ्यात आई गेली. तेव्हापासून त्यांना प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की डोक्यात नुसता पांढरा पडदा. उपासनेत ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं सुरू झाली की त्यांच्या आजीचे डोळे भरून यायचे. यांचे मात्र कोरडे राहायचे. संडे स्कूलच्या मुलांना त्या मेंढपाळाची गोष्ट सांगत, आणि सांगता सांगता मनात येई, मी खोटं बोलतेय. सात महिने झाले होते. प्रभुभोजनाची वेळ आली की मुलांकडे बघायचं निमित्त करून त्या बाहेर जात.

"अयोग्य प्रकारे खाईल, पिईल तो दोषी ठरेल, असं लिहिलंय ना? मी तर आत रिकामी आहे."

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. देव भग्नहृदयी लोकांच्या जवळ असतो, असं मी सांगू लागले. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि पर्स उचलली. रुग्णांच्या नातेवाइकांसमोर नर्स हलवते तशी ती मान होती. त्यांचं ऐकून घेण्याआधीच मी औषध दिलं होतं.

दुसऱ्या भेटीत मी फक्त विचारलं, "झोप किती होते?" चार तास, कधी तीन. जेवण? उभ्या उभ्या चहा-बिस्कीट. मग मी त्यांना एलीयाची गोष्ट वाचायला दिली, बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला दुसऱ्यांदा उठवतो तेही जेवायलाच, कारण वाट लांबची आहे. सिस्टर बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मी पेशंटला रोज करते." मी त्यांना डॉक्टरांकडेही पाठवलं. आठवडेच्या आठवडे झोप, भूक आणि रडूही हरवलं असेल, तर ती केवळ आध्यात्मिक गोष्ट समजू नये, असं माझं ठाम मत आहे. जगावंसं वाटत नसेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

खरी गाठ तिसऱ्या भेटीत सुटली. आई आजारी असताना प्रार्थनासभेत एकजण म्हणाले होते, "घरात विश्वास कमी पडतोय." ते वाक्य सिस्टरांनी आईच्या उशाशी बसून दोन वर्षं गिळलं होतं. हे ऐकून मला राग आला आणि तो मी लपवला नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. त्याच्या मागे चालणाऱ्यांनी तो प्रश्न अजून का विचारावा?

मग आम्ही प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे करिंथकरांस, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय उघडला, पण त्यांना छळणाऱ्या ओळीच्या आधीपासून. तिथे काय घडत होतं? काहीजण आपलं जेवण आधीच उरकत होते, गरीब उपाशी राहत होते, कुणी तर झिंगलेला असे. भावाला उपाशी ठेवून प्रभूची भाकर मोडायची, या वागण्याला पौल अयोग्य म्हणतो आहे. ज्याचं मन थकून कोरडं पडलंय त्याला तो पंगतीतून उठवत नाही. आणि पहिल्या पंगतीला कोण बसलं होतं? पहाटेच्या आत येशूला तीनदा नाकारणारा त्याचा शिष्य पेत्र. तो काय करणार हे प्रभूला ठाऊक होतं, तरी भाकर त्याच्यापर्यंत आली. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, असं प्रभूने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

"म्हणजे माझ्यासाठी दुसरं कुणी प्रार्थना करतंय?"

"हो."

तेव्हा त्या रडल्या. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

घरी वाचायला मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र दिलं. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. स्वतःचे शब्द येत नसतील तर त्याचे वापरा, म्हटलं. आजीशी त्या स्वतःची सारखी तुलना करत, म्हणून टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आठवण काढली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. एकाच संसारात दोघांच्या पावलांत एवढं अंतर होतं. संडे स्कूल मात्र तीन महिने दुसऱ्या ताईंकडे द्यायला सांगितलं. पाळकसाहेबांशी त्या स्वतःच बोलल्या, आणि त्यांनी ते मायेने मान्य केलं.

पुढच्या पहिल्या रविवारी त्या बाहेर गेल्या नाहीत, पण जागेवरून उठल्याही नाहीत. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी मला मेसेज आला.

"ताई, आज पुढे गेले. भाकर घेतली, प्याला घेतला. विशेष काही वाटलं नाही. घरी येऊन भाजी-भाकरी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत झोपले."